शेंदरी स्वेटरचा आलेख

सावलीताईंचं खरं नाव केंद्रातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते आठवावं लागायचं. पीक संशोधन केंद्राच्या शेतात कुणी चार पावलं आत टाकली की लांबून आरोळी यायची, "सावली! सावली बघा!" एकदा खुद्द संचालक पाहुण्यांना घेऊन आले होते. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, तुमची सावली माझ्या गव्हावर पडलीय," असं ठणकावल्यावर ते साप दिसल्यासारखे उडी मारून बाजूला झाले. पाहुणे हसले, साहेबही हसले, आणि त्या दिवशी चिकटलेलं नाव पुन्हा सुटलं नाही.

काम होतंच तसं. पाठीवर दप्तरासारखं यंत्र, त्यातून निघालेली वायर, हातात लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा काचेचा डोळा. हा डोळा पिकावर धरायचा. पानावर पडलेल्या उन्हातलं काही पान पिऊन टाकतं, काही परत फेकतं. आपल्याला त्यातला हिरवा रंग तेवढा दिसतो. यंत्र तेच ऊन शेकडो बारीक पट्ट्यांत उसवतं आणि कुठल्या पट्टीतलं किती परत आलं याची एक रेघ पडद्यावर काढतं, डोंगराच्या कडेसारखी चढउतारांची. शास्त्रज्ञ त्याला हायपरस्पेक्ट्रल आलेख म्हणत. सावलीताई नुसतं 'रेघ' म्हणत. रेघ घेण्याआधी दर वेळी एका पांढऱ्याशुभ्र फरशीवर डोळा धरायचा, म्हणजे आजचं ऊन कसं आहे ते यंत्राला समजतं. ढग आला की काम बंद. वारा फार सुटला की काम बंद.

सावलीताई ज्यांच्या हाताखाली काम करत त्या शास्त्रज्ञ मॅडमचा प्रकल्प गहू आणि सातू वेगळे ओळखण्याचा होता. सातू म्हणजे जव. ओंब्या बाहेर पडेपर्यंत ही दोन पिकं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. पान हातात घेऊन बुडाशी पाहिलं तर जाणकाराला फरक कळतो, पण उपग्रह काही वाकून पान हातात घेत नाही. त्याला वरूनच ओळखावं लागतं. तसं ओळखता आलं, तर कुठल्या भागात काय किती पिकणार आहे हे कापणीच्या कितीतरी आधी सांगता येईल. त्यासाठी पीक हिरवं असतानाच दोघांच्या भरपूर रेघा गोळा करायच्या आणि त्यांत फरक शोधायचा. मॅडमनी या एका प्रश्नापायी डोक्याचे केस पांढरे केले होते, आणि प्रकल्पाचं हे शेवटचं वर्ष होतं.

या कामाचा आणखी एक नियम होता. कपडे काळे घालायचे. रंगीत कपड्यावर ऊन पडलं की तो रंग उडून पानावर पडतो आणि पानावरून यंत्राच्या डोळ्यात शिरतो. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. म्हणून सावलीताईंची काळी पँट, काळा सदरा, काळी टोपी आणि थंडीत गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट.

"आई, तू शेतात जातेस की चोरीला?" मोठी विचारायची.

मोठी म्हणजे थोरली मुलगी. जिभेला हाड नव्हतं तिच्या. शिकायला दुसऱ्या शहरात जायचं ठरलं तेव्हा तिनं दुकानात उभं राहून लोकरीचा सगळ्यात भडक गुंडा उचलला होता. शेंदरी. "याचा स्वेटर विण," म्हणाली. "तू अशी कोळशासारखी फिरतेस, मी तरी रस्त्याच्या पलीकडून दिसले पाहिजे."

"डोळे दुखतील लोकांचे."

"दुखू देत की. बघितल्याशिवाय दुखत नाहीत."

तो स्वेटर सावलीताईंनी विणला. एक बाही जरा लांब झाली. उसवून पुन्हा विणते म्हणाल्या, तर मोठीनं हातातून ओढून घेतला. लांब बाही मुठीत धरून बसायची तिला सवयच लागली.

मग एका हिवाळ्यात वसतिगृहातून तिचा फोन आला. सकाळची वेळ होती. आठवडाभर ढगाळलेलं आभाळ त्या दिवशी कुठे मोकळं झालं होतं. सावलीताई यंत्र पाठीला लावून गव्हाच्या कडेला उभ्या होत्या.

"आई, डोकं फार दुखतंय गं. थंडी वाजतेय."

"जागरण केलं असशील. गोळी घे, स्वेटर घाल आणि पड थोडी. मी करते दुपारी फोन. ऊन जाईल माझं."

दुपारी फोन केला तेव्हा मोठीनं उचलला नाही. झोपली असेल, म्हणून त्यांनी पुन्हा लावला नाही. मेंदूज्वर झाला होता. मैत्रिणींनी दार ठोठावलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि आईबाप पोचले तेव्हा डॉक्टर त्यांच्याकडे न बघता बोलत होते. सामानाबरोबर स्वेटर परत आला. कुणीतरी नीट घडी घालून दिला होता. लांब बाहीचं टोक मुठीत धरून धरून चुरगळलेलं होतं, ते घडीतही सरळ झालं नव्हतं.

तेव्हापासून सावलीताईंना धाकटीची धास्ती लागली. रोज सकाळी तिच्या कपाळाला उलटा हात लावल्याखेरीज त्या घराबाहेर पडत नसत. कॉलेजातून यायला जरा उशीर झाला की एकामागून एक फोन. धाकटी मोठीसारखीच दिसायची, पण स्वभावानं अबोल होती. सहन करायची. एकदा मात्र म्हणाली, "आई, मी काय पीक आहे का? रोज काय रीडिंग घेतेस?"

बाबांना हसू आलं. ते फ्रिज दुरुस्त करायचे, आणि घरात आता बहुतेक वेळ काही ना काही दुरुस्त करत खाली मान घालून बसलेले असायचे. ते हसले म्हणून धाकटी हसली. सावलीताईंनी हात कपाळावरून काढला, पण ताप नाही याची खात्री करून मगच.

स्वेटर ट्रंकेत होता. मोठीच्या मागे दुसरा हिवाळा आला तेव्हा एका सकाळी त्यांनी तो काढला आणि कोटाच्या आत घातला. का घातला, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर थंडी आहे असं त्यांनी सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. गव्हाचे वाफे कचेरीच्या समोर होते, भिंतीच्या आडोशाला. सातूचं रान मात्र पार टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे, चारी बाजूंनी उघडं. तिथे कुणी फिरकत नसे. गव्हाच्या रेघा घेताना कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असत. सातूच्या रानात पोचल्या की सावलीताई बटणं सोडत. वास यायचा. खोबऱ्याचा नाही, साबणाचा नाही, मोठीचा. त्या वासात उभं राहून दांडी धरली की ती हलत नसे. मग बोलणंही चालायचं. "आज ऊन बरं आहे गं," असलं काहीतरी. नियम त्यांना पाठ होता. दांडी लांब आहे, आपण मागे उभ्या आहोत, एवढंसं काय शिरणार आहे त्यात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला शेतातून हाकलून दिलं असतं.

हंगाम सरत आला तसा सगळ्या रेघांचा हिशेब चष्मेवाल्यानं कॉम्प्युटरला शिकवला. हा मॅडमचा विद्यार्थी. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की यंत्राआधी त्याचीच तपासणी करा असं सगळे म्हणायचे. एका सकाळी तो पळत बाहेर आला. पायात एकच चप्पल होती.

"ताई! शंभरातले अठ्ठ्याण्णव! कॉम्प्युटर शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखतोय! हा गहू, हा सातू, धडाधड सांगतोय!"

"दुसरी चप्पल घाल आधी," सावलीताई म्हणाल्या, पण त्यांनाही आनंद झाला. मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला. कपाला कप लावला. गेल्या हंगामात आकडा साठाच्या पुढे सरकला नव्हता.

चहा पिता पिता मॅडम पडद्याकडे बघत होत्या. त्या आनंदातही डोळे मिटणाऱ्यांतल्या नव्हत्या. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हा फरक नेमका कुठे पडतोय? दाखव."

चष्मेवाल्यानं दोन रेघा एकावर एक ठेवल्या. गव्हाची हिरवी, सातूची निळी. सगळीकडे दोन्ही अंगाला अंग लावून चालल्या होत्या. फक्त एका जागी, पिवळ्याच्या पुढे आणि तांबड्याच्या अलीकडे, सातूच्या रेघेवर लहानसा उंचवटा होता.

"इथे कुठलंच पान असं वागत नाही," मॅडम म्हणाल्या. "या जागी पान ऊन पितं. परत फेकत नाही. हे पान नाहीये. दुसरंच काहीतरी आहे."

सावलीताईंनी तो उंचवटा पाहिला. दुकानातला लोकरीचा गुंडा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, सातूच्या रानात काही रंगीत होतं का? ताडपत्री, झेंडा, खताची पोती?"

"नाही मॅडम."

"नक्की?"

"तिकडे काहीच नसतं. वारा असतो."

मॅडमनी मान डोलावली. त्यांचा सावलीताईंच्या शब्दावर काचेसारखा विश्वास होता, आणि तोच आता टोचत होता. "मग सातूच्या सगळ्याच रेघा टाकून द्याव्या लागतील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कशामुळे झालंय ते कळलं असतं तर तेवढं वजा करता आलं असतं. न कळता छापलं, तर उद्या दुसऱ्याच्या शेतात तोंडावर पडू. आणि नव्यानं घ्यायच्या म्हटलं तर ओंब्या फुटायला लागल्यात."

म्हणजे प्रकल्प गेला. चष्मेवाला आपल्या एका चपलेकडे बघत बसला.

सावलीताई घरी आल्या त्या विचारात गुरफटूनच. सांगितलं तर स्वेटर द्यावा लागणार. त्याची तपासणी होणार, चार माणसं हाताळणार. वास जाणार. उरलंय काय मोठीचं, तेवढंच तर. नाही सांगितलं तर मॅडमचं सगळं जाणार, आणि आपण त्यांच्या तोंडावर खोटं बोललो हे कायमचं राहणार. त्यांनी कोट खुंटीला लावला, स्वेटर पोटाशी गुंडाळून खोलीत नेला आणि ट्रंक उघडली. मागे धाकटी उभी होती.

"तू घेतेस होय," ती म्हणाली.

सावलीताई दचकल्या. "काय?"

"मला वाटायचं बाबा काढतात. ट्रंक उघडायचे तर स्वेटर नाही. संध्याकाळी बघावं तर परत आहे." धाकटीचा आवाज बारीक झाला. "मी पण येते इथे, आई. सकाळी नसला तर संध्याकाळी. नुसतं नाक लावते आणि ठेवते. एकदाही अंगात घातला नाही मी. वास जाईल म्हणून."

सावलीताईंनी स्वेटर तिच्यापुढे केला. "तिचा वास अजून आहे की गं," त्या म्हणाल्या. "हे बघ ना."

धाकटीनं स्वेटर नाकाला लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग खाली धरला.

"हा तुझा वास आहे."

"असं कसं?"

"तुझाच आहे. घामाचा, मातीचा. कधीपासून तुझाच येतोय. तू घालून घालून संपवलास तिचा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज चढला नाही, आणि त्याचंच सावलीताईंना जास्त लागलं. "मला वाटत होतं माझं नाक बिघडलं."

त्यांनी स्वेटर आपल्या नाकाशी नेला. त्यांना अजूनही मोठीचाच वास येत होता. की आपल्याला हवा तो येत होता? आपला वास आपल्याला कुणाला येतो! पाठीवर शेकडो पट्ट्या मोजणारं यंत्र घेऊन हिंडणाऱ्या बाईला आपल्या आणि आपल्या लेकीच्या वासातला फरक सांगता येईना. दारात बाबा येऊन उभे होते, हातात पेचकस. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि ट्रंकेच्या कडेवर बसले. ती जुनी पत्र्याची ट्रंक करकरली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सावलीताई पिशवी घेऊन सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या. चष्मेवाला तिथेच होता. पिशवीतून त्यांनी स्वेटर काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे होतं सातूत," त्या म्हणाल्या. "काल मी खोटं बोलले."

मॅडमनी स्वेटरकडे पाहिलं. लांब बाहीकडे पाहिलं. मोठी एकदा केंद्रात आली होती तेव्हा तिनं तीच बाही नाचवत मॅडमना विचारलं होतं, "तुमच्या यंत्रात मी मावते का?" आता मॅडम रागावतील म्हणून सावलीताईंनी खांदे आवळून धरले. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली, तेवढंच. मग बाहेर बघतच त्यांनी विचारलं.

"रोज घालायचात?"

"सातूत रोज. गव्हात नाही. तिथे तुम्हाला दिसला असता."

"म्हणजे कॉम्प्युटरनं..." चष्मेवाला बोलता बोलता थांबला.

"होय रे," सावलीताई म्हणाल्या. "तुझ्या कॉम्प्युटरनं सातू नाही ओळखला. माझी मुलगी ओळखली."



ऊन चांगलं वर आल्यावर तिघं सातूच्या रानाकडे गेली. स्वेटरची रेघ मिळाली तर तिचा किती अंश कुठे शिरलाय ते काढून वजा करता येणार होतं. जमिनीवर काळं कापड अंथरलं. त्यावर स्वेटर पसरायचा होता. चष्मेवाला पुढे झाला, तसा सावलीताईंनी हात आडवा केला. त्यांनी स्वतःच तो पसरला, हात बाजूला, छाती उन्हाकडे. लांब बाहीचं चुरगळलेलं टोक त्यांनी हातानं सारखं केलं. ते पुन्हा वळलं. तसंच राहू दिलं.

मग त्यांनी नेहमीसारखं आधी पांढऱ्या फरशीवर डोळा धरला. ऊन ओळखून घेतलं. मग दांडी स्वेटरवर नेली. चष्मेवाला पुढे वाकून पडद्यात बघायला लागला, तशी त्याची सावली कापडाच्या कडेला आली.

"सावली," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. तो झटकन मागे सरला.

रेघ आली. तांबड्याच्या अलीकडे उंच चढलेली, उंचवट्याच्या जागी बरोबर. यंत्रानं नाव मागितलं तशी चष्मेवाल्यानं मान वर केली. "ताई, नमुन्याला नाव काय देऊ? शेंदरी लोकर लिहू?"

सावलीताईंनी मोठीचं नाव सांगितलं. आता घरी सगळे नुसतं 'ती' म्हणायचे. ती गेल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. चष्मेवाल्यानं बोटं जपून ठेवत अक्षर अक्षर टाइप केलं आणि बरोबर आहे का ते विचारलं. बरोबर होतं.

वजाबाकीला दुपार लागली. सातूच्या एकेका रेघेतून मोठी निघत गेली. उंचवटा बसत गेला, आणि शेवटी हिरवी आणि निळी अशा एकमेकींत मिसळल्या, की रंग दिले नसते तर कुठली कोणाची ते सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरचा अठ्ठ्याण्णवाचा आकडा साठाच्या जरा वर येऊन थांबला.

"खरं आहे ते हेच," मॅडम म्हणाल्या. "ओंब्या यायच्या आधीच्या दिवसांत जरासा फरक दिसतोय. तेवढाच आपला. तेवढंच लिहू." मग जाता जाता थांबल्या. "ताई, मी विचारायला हवं होतं. काळा कोट घालून तुम्ही इतकी थंडी काढता, आणि मी रेघाच मोजत राहिले."

संध्याकाळी सावलीताईंनी स्वेटर धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं नाकाला लावला. दिवसभर उन्हात पडून होता.

"कसला येतोय?" सावलीताईंनी विचारलं.

"उन्हाचा."

"माझा?"

"नाही."

"तिचा?"

धाकटीनं मान हलवली. मग तिनं स्वेटर घडी करून ट्रंकेत ठेवला, लांब बाही वर येईल असा. सावलीताईंनी सवयीनं हात तिच्या कपाळाकडे नेला आणि मध्येच थांबवला. धाकटीनं तो हात धरून स्वतःच कपाळाला लावला. "घे," ती म्हणाली. "रीडिंग."

कपाळ गार होतं. सावलीताई तरीही हात काढेनात.

पुढच्या सकाळी त्या सातूच्या रानात गेल्या तेव्हा वारा सुटला होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, आत नुसता काळा सदरा. रातोरात ओंब्या बाहेर पडल्या होत्या, लांब कुसळांच्या, उन्हात चमकणाऱ्या. आता कुणीही लांबून बघून सांगितलं असतं, की हा सातू आहे. त्यांनी पांढरी फरशी जमिनीवर ठेवली आणि वारा पडायची वाट बघत उभ्या राहिल्या.